सल्ल्याचें ऋण

घरांतील औषधांचा डबा उघडून पाहिल्यास बहुतेक वाचकांना एखाद्या गोळ्यांच्या पट्टीवर एक उभी तांबडी रेघ आढळून येईल. ही रेघ शोभेकरितां काढलेली नाहीं. डॉक्टरच्या चिठ्ठीवांचून हें औषध घेऊं नये असें ती सांगत असते. आणि तिच्याकडे लोकांचें लक्ष वेधावें म्हणून २०१६ च्या फेब्रुवारींत भारत सरकारनें एक मोहीमहि सुरू केली. पुष्कळांनीं ही रेघ पाहिली असेल, थोड्यांनीं तिचा अर्थ विचारला असेल, आणि अर्थ कळल्यावर ज्यांनीं गोळी परत डब्यांत ठेवली असे लोक त्याहूनहि थोडे असतील. यांत नवल करण्यासारखें कांहीं नाहीं. सल्ला ऐकण्याच्या बाबतींत मनुष्यजात धृतराष्ट्राच्या कुळांतली आहे. विदुराला रात्रीं बोलावून आणावें, त्याचें सगळें बोलणें मान हलवून ऐकावें, आणि सकाळीं जें करावयाचें तेंच करावें. परंतु मला आज विचार करावयाचा आहे तो धृतराष्ट्राचा नव्हे, विदुराचा. जो सल्ला देतो त्याच्यावर त्या सल्ल्यामुळें कांहीं बांधिलकी येते कीं नाहीं? आणि सल्ला देणारें सरकार असेल, व ज्याला तो द्यावयाचा त्याच्या मांडीवर तापानें फणफणलेलें मूल असेल, तर ती बांधिलकी किती?

प्रथम या रेघेमागील शास्त्र थोडक्यांत सांगितलें पाहिजे, कारण सर्व नैतिक अडचण त्यांतूनच निघते. पेनिसिलिनपासून पुढें निघालेलीं जीं जंतुनाशक औषधें, ज्यांना शास्त्रीय मराठींत प्रतिजैविकें आणि घरोघर अँटिबायोटिक म्हणतात, त्यांचा स्वभाव बहुतेक इतर औषधांहून निराळा आहे. डोकेदुखीची गोळी मीं घेतली तर तिचा परिणाम माझ्या डोक्यापुरता. त्यामुळें शेजाऱ्याच्या गोळीचा गुण कमी होत नाहीं. प्रतिजैविकाचें तसें नाहीं. कोट्यवधि जंतूंमध्यें एखादा असा निघतो कीं, त्याच्यावर औषध चालत नाहीं. बाकीचे मरतात, आणि मोकळ्या झालेल्या जागेंत त्या एकाचा वंश फोफावतो. शिवाय हा गुण केवळ वंशपरंपरेनेंच जातो असें नाहीं. एका जातीचा जंतु दुसऱ्या जातीच्या जंतूला तो उसना देऊं शकतो. मनुष्यसमाजांत ज्याला जातिबंधन म्हणतात तें या सूक्ष्म सृष्टींत फारसें पाळलें जात नाहीं असें दिसतें. तेव्हां औषध हें प्रतिकार निर्माण करीत नसून त्याची निवड करतें. पेनिसिलिनचा नाश करणारें द्रव्य कांहीं जंतूंच्या अंगीं असतें ही गोष्ट एब्रहॅम आणि चेन या शास्त्रज्ञांनीं १९४० सालींच, म्हणजे पेनिसिलिन बाजारांत येण्यापूर्वींच, प्रसिद्ध केली होती. यावरून एक अप्रिय सत्य निष्पन्न होतें. या औषधांची शक्ति दुरुपयोगानें लवकर सरते हें खरें. पण योग्य उपयोगानेंहि ती थोडथोडी खर्च होतच असते. सर्वांची मिळून एक विहीर आहे, आणि तहानेला पाणी काढणारासुद्धां तिचें पाणी एका घागरीनें कमी करतो. २०१९ या एका वर्षांत प्रतिकारक्षम जंतूंमुळें जगांत सुमारें १२ लाख ७० हजार माणसें दगावलीं असा अंदाज 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत २०२२ सालीं प्रसिद्ध झाला आहे.

या विषयावरील जुन्यांत जुन्या जाहीर सल्ल्यांपैकीं एक खुद्द पेनिसिलिनच्या शोधकर्त्यानेंच दिलेला आहे. ११ डिसेंबर १९४५ रोजीं स्टॉकहोम येथें नोबेल पारितोषिकाच्या निमित्तानें केलेल्या व्याख्यानाच्या अखेरीस अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं एक कल्पित गोष्ट सांगितली. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो पेनिसिलिन विकत आणतो आणि आपल्या मनानेंच घेतो. तें जंतु मरण्यास अपुरें, पण त्यांना शहाणे करण्यास पुरेसें असतें. हे शहाणे झालेले जंतु त्याच्या बायकोला ग्रासतात, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन दिलें जातें, तें लागू पडत नाहीं, आणि ती बाई मरते. या मृत्यूला मुख्यतः जबाबदार कोण, असा प्रश्न करून फ्लेमिंग यांनीं नवऱ्याच्या निष्काळजीपणाकडे बोट दाखविलें.

गोष्ट चार ओळींची आहे, पण तिच्यांत दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत. पहिली ही कीं, अपराधी आणि बळी एकाच छपराखालीं राहतात. नवऱ्याला निदान पश्चात्ताप करण्याची सोय आहे. प्रत्यक्ष व्यवहारांत बायकोच्या जागीं कोणी तरी अनोळखी मनुष्य असतो, दुसऱ्या गांवचा, कदाचित् अजून जन्मालाहि न आलेला. आणि नवऱ्याच्या जागीं एक मनुष्य नसून लाखों माणसें असतात. एका मृत्यूचे लाख वांटे केले म्हणजे प्रत्येकाच्या वांट्याला जें येतें त्याला पाप म्हणावयास जीभ रेटत नाहीं. सर्वांनीं तसेंच वागावें असें तुला म्हणतां येईल काय, हा कांटचा प्रश्न येथें अगदीं चपखल बसतो, आणि नीतिशास्त्राच्या वर्गांत मीं हें उदाहरण अनेकदां दिलेंहि आहे. परंतु कांटच्या प्रश्नाला उत्तर देणारा मनुष्य शांत खोलींत, पोटभर जेवून बसलेला असतो, असें मला नेहमीं वाटत आलें आहे. फ्लेमिंगच्या गोष्टीचें दुसरें गृहीत याहून महत्त्वाचें आहे, आणि तें सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. त्या गृहस्थाला डॉक्टरकडे जातां आलें असतें. म्हणजे डॉक्टर होता.

अलंकारशास्त्राच्या अभ्यासकांस मम्मटानें 'काव्यप्रकाशा'च्या आरंभीं सांगितलेले उपदेशाचे तीन प्रकार ठाऊक असतील. वेद प्रभूसारखी आज्ञा करतात, पुराणेतिहास मित्रासारखे समजावून सांगतात, आणि काव्य प्रियेसारखें मन वळवितें. मम्मटाला यांतील तिसऱ्याचें श्रेष्ठत्व दाखवावयाचें होतें; त्याच्याशीं आज आपणांस कर्तव्य नाहीं. पण सरकारी सल्लागार समित्यांचें वाङ्मय वाचतांना मला या वर्गीकरणाची वारंवार आठवण होते, कारण तें या तिहींपैकीं कोठेंच नीट बसत नाहीं. बोलणारा प्रभु असतो आणि भाषा मित्राची असते. मित्र जेव्हां 'हें औषध घेऊं नकोस' म्हणतो तेव्हां तो माझें हित पाहत असतो. सरकार तेंच वाक्य उच्चारतें तेव्हां त्याच्या डोळ्यांपुढें मुख्यतः मी नसतों; माझ्या गल्लींतला, पुढच्या पिढींतला, मीं कधीं न पाहिलेला रोगी असतो. यांत गैर कांहीं नाहीं. सरकारनें तेंच पाहावें. गैर आहे तें हें कीं, ही मागणी त्यागाची असून आरोग्यविषयक सूचनेच्या वेषांत येते. 'तुमच्या प्रकृतीस अपाय होईल' हें अर्धें सत्य पुढें केलें जातें, आणि 'दुसऱ्याकरितां थोडा धोका पत्करा' हें उरलेलें अर्धें मागें राहतें. त्याग मागावयाचा तर तो त्याग म्हणून मागावा. म्हणजे मागणाराला आपण त्याच्या मोबदल्यांत काय देत आहों, हाहि प्रश्न स्वतःस विचारावा लागतो.

जॉन स्टुअर्ट मिल यानें १८५९ सालीं प्रसिद्ध केलेल्या स्वातंत्र्यावरील निबंधांत विषांच्या विक्रीचा विचार केला आहे. हा निबंध आमच्याकडील कॉलेजांतून पिढ्यान् पिढ्या शिकविला गेला. पण विषविक्रीचीं पानें परीक्षेंत येत नसल्यामुळें बहुधा कोणी वाचीत नाहीं. मिल म्हणतो कीं, विषाच्या बाटलीवर धोक्याची चिठ्ठी लावण्यानें कोणाचें स्वातंत्र्य बुडत नाहीं. विकणारानें वहींत घेणाराचें नांव, पत्ता, वस्तूचें प्रमाण आणि तिचा हेतु लिहून ठेवावा, ही सक्तीहि चालेल. पण दर वेळीं डॉक्टरचा दाखला मागूं नये, कारण त्यामुळें योग्य कामाकरितांहि ती वस्तु मिळणें कधीं अशक्य आणि नेहमींच महाग होईल. आतां आपल्याकडील व्यवस्था पाहा. १ मार्च २०१४ पासून 'एच-१' या नांवाची औषधांची एक नवी अनुसूची अमलांत आली. तिच्यांत त्या वेळीं ४६ औषधें असून त्यांपैकीं २४ प्रतिजैविकें होतीं. या औषधांच्या वेष्टनावर तांबड्या चौकटींत इशारा छापावा लागतो, आणि दुकानदारानें रोग्याचें व डॉक्टरचें नांव निराळ्या वहींत लिहून ती वही तीन वर्षें जपून ठेवावी लागते. चिठ्ठी आणि वही, दोन्ही मिलच्याच. फक्त त्यानें जो तिसरा उपाय नाकारला तोहि त्यांच्या जोडीला आहे. मिलची अडचण मात्र आपल्याहून सोपी होती. विष घेणारा एक तर स्वतः मरतो, किंवा ज्याला मारावयाचें ठरविलें असेल त्याला मारतो. वही उघडून पोलिसाला त्याच्या दारापर्यंत जातां येतें. प्रतिजैविकाच्या बाबतींत कोणाचाच हेतु वाईट नसतो, आणि बळीचें नांव कोणत्याहि वहींत सांपडत नाहीं.

सल्ला दिला, तो मानलाहि गेला, आणि तरी पुष्कळसा वायां गेला, याचें उत्तम उदाहरण मिलच्याच देशांत घडलें आहे. कोंबड्या, डुकरें, वासरें यांच्या खाद्यांत प्रतिजैविकाचा थोडा अंश मिसळला असतां तीं लवकर वाढतात असें १९५० च्या सुमारास आढळून आलें, आणि १९५३ सालच्या कायद्यानें इंग्लंडांत त्यास परवानगी मिळाली. पुढें वासरांच्या रोगांतील जंतु औषधांना दाद देईनासे झाले व ते माणसांतहि आढळूं लागले, तेव्हां १९६८ सालीं सरकारनें एक समिति नेमली. एडिंबरो विद्यापीठाचे प्रमुख व जीवशास्त्रज्ञ मायकेल स्वान हे तिचे अध्यक्ष होते. १९६९ च्या नोव्हेंबरांत समितीचा अहवाल आला. त्यांतील मुख्य सूचना स्वच्छ आणि समंजस होती: माणसांच्या उपयोगी पडणारीं प्रतिजैविकें वाढीकरितां खाद्यांत घालूं नयेत, तीं पशुवैद्याच्या चिठ्ठीवरच मिळावीं, आणि जीं माणसांच्या कामाचीं नाहींत तींच खाद्यांत चालूं द्यावीं. सरकारनें ही सूचना मान्य केली, १९७१ पासून ती अमलांत आली, आणि सर्वांना काम झाल्यासारखें वाटलें.

परंतु गुरें पूर्वींसारखींच दाटीवाटीनें कोंडलेलीं होतीं. दाटींत रोग होणार, रोगाच्या भीतीनें औषध लागणार, आणि पशुवैद्याची चिठ्ठी ही कांहीं हिमालयाच्या शिखरावर मिळणारी वस्तु नव्हे. जें औषध काल वाढीकरितां जात होतें तें रोगप्रतिबंधाच्या नांवानें जाण्याचा मार्ग मोकळाच राहिला. दुसरीकडे, जीं औषधें माणसांच्या कामाचीं नाहींत म्हणून खाद्यांत राहूं दिलीं, त्यांच्या वर्गांत पुढें अॅव्होपार्सिन या नांवाचें एक औषध होतें. तें माणसाला कोणी देत नसे. पण ज्याला अखेरचा आधार म्हणून इस्पितळांत जपून ठेवीत त्या व्हॅन्कोमायसिनचें तें सख्खें भावंड निघालें. एकाला तोंड द्यावयास शिकलेला जंतु दुसऱ्यालाहि तोंड देऊं लागला. शेवटीं डेन्मार्कनें १९९५ सालीं आणि युरोपीय संघानें १९९७ सालीं त्याला मनाई केली, आणि वाढीकरितां प्रतिजैविक वापरण्याची सगळीच चाल युरोपीय संघांत १ जानेवारी २००६ पासून बंद झाली. स्वान यांच्या अहवालापासून हिशेब केला तर ३६ वर्षें.

समितीनें कागदावर जी रेघ ओढली ती सद्धेतूनेंच ओढली, यांत मला शंका नाहीं. पण शेतकऱ्याला तिनें 'हें करूं नकोस' एवढेंच सांगितलें; तो तें कां करतो, या प्रश्नाला हात घातला नाहीं. स्वीडनची हकीकत याच्या शेजारीं ठेवून पाहण्यासारखी आहे. तेथें १९८६ सालीं खाद्यांतील वाढीचीं प्रतिजैविकें बंद झालीं, आणि तीं बंद करा अशी मागणी शेतकऱ्यांच्या संघटनेनेंच केली होती. डुकरांचीं पिलें आईपासून तोडल्यावर आजारी पडूं लागलीं, तेव्हां सुरुवातीस बराच त्रास झाला. मग पिलें किती दिवसांचीं झाल्यावर तोडावयाचीं, त्यांना काय खावयास घालावयाचें, गोठा कसा ठेवावयाचा, हें सर्व बदलावें लागलें. म्हणजे सल्ल्याबरोबर गोठाहि सुधारावा लागला. अमेरिकेंत याच्या उलट टोक गांठलें गेलें. तेथील औषधखात्यानें १९७७ सालीं पेनिसिलिन व टेट्रासायक्लिन खाद्यांतून काढण्याची योजना मांडली. ती काँग्रेसच्या विरोधानें अडून राहिली, आणि २०१३ सालीं जें शेवटीं निघालें तें एक मार्गदर्शक पत्रक होतें. त्याच्या पानापानाच्या माथ्यावर 'बंधनकारक नसलेल्या शिफारशी' अशा अर्थाचे शब्द छापलेले आहेत. इतका सौजन्यशील प्रभु मम्मटाच्याहि कल्पनेंत नसेल. २०१४ सालीं अध्यक्ष ओबामा यांनीं आज्ञापत्र काढून या विषयाकरितां एक सल्लागार मंडळहि निर्माण केलें. त्याचेंहि काम सल्ल्यापुरतेंच ठेवण्यांत आलें.

केवळ सल्ल्यानें कांहींच होत नाहीं असें मात्र म्हणतां येत नाहीं, आणि याबद्दल एक फार बोधप्रद प्रयोग झालेला आहे. २०१४ च्या सप्टेंबरअखेर इंग्लंडच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी सॅली डेव्हिस यांच्या सहीचें एक पत्र कांहीं निवडक दवाखान्यांतील डॉक्टरांना गेलें. आपापल्या भागांत सर्वांत अधिक प्रतिजैविकें लिहून देणारे असे १,५८१ दवाखाने या प्रयोगांत घेतले होते. त्यांपैकीं निम्म्यांना पत्र गेलें, निम्म्यांना गेलें नाहीं. पत्रांत धमकी नव्हती. तुमच्या भागांतील ८० टक्के दवाखाने तुमच्यापेक्षां कमी प्रतिजैविकें देतात, एवढी माहिती आणि दोनतीन साध्या सूचना होत्या. सहा महिन्यांत पत्र मिळालेल्या दवाखान्यांतून हें प्रमाण ३.३ टक्क्यांनीं कमी झालेलें आढळलें. पुढें त्याच प्रयोगांत रोग्यांकरितां माहितीपत्रकें आणि भिंतीवर लावावयाचे फलक पाठविण्यांत आले. त्यांचा म्हणण्यासारखा कांहींच परिणाम दिसला नाहीं.

मला या दोन निष्कर्षांच्या जोडींत सगळा विषय सांठविलेला दिसतो. डॉक्टरला पत्र लागलें, कारण त्याच्या हातांत कांहीं तरी करण्यासारखें होतें, आणि समव्यवसायी लोकांत आपण शेवटच्या रांगेंत आहों ही जाणीव सुशिक्षित मनुष्याला टोचते. आमच्याकडे ज्याला जनलज्जा म्हणतात ती निंद्य वस्तु नव्हे. योग्य ठिकाणीं लावली तर ती कायद्याचें काम फुकट करते. रोग्याला मात्र भिंतीवरचा फलक काय करणार? घसा त्याचा दुखत असतो, भीति त्याची असते, आणि निर्णय दुसऱ्याच्या लेखणींत असतो.

सल्ल्याची पत ही आणखी एक निराळीच बाब आहे. 'औषधाचा क्रम पुरा करा, बरें वाटलें तरी मध्येंच सोडूं नका' हें वाक्य दोनतीन पिढ्यांनीं पाठ केलें. २०१७ सालीं 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्यें कांहीं इंग्रज तज्ज्ञांनीं असें प्रतिपादन केलें कीं, या वाक्याला सरसकट पुरावा नाहीं; अनेक सामान्य विकारांत जरुरीपेक्षां अधिक दिवस घेतलेलें औषधच शरीरांतील इतर निरुपद्रवी जंतूंना प्रतिकार शिकवितें. क्षयासारख्या रोगांत पुरा क्रम अवश्यच आहे, आणि इतर ठिकाणींहि किती दिवस घ्यावें हें डॉक्टरनेंच ठरवावयाचें आहे. वाचकांनीं या परिच्छेदाच्या आधारें गोळ्या सोडूं नयेत. माझा मुद्दा वेगळा आहे. जें मत होतें तें सिद्धांत म्हणून सांगितलें गेलें. जो सल्लागार 'आजच्या ज्ञानाप्रमाणें' हे दोन शब्द गाळतो तो पुढें सल्ला बदलण्याचा आपला हक्क गहाण टाकतो.

आतां आपल्याकडे वळूं. एखाद्या दूरच्या वाडीवरील आई डोळ्यांपुढें आणा. मुलाला तीन दिवस ताप आहे. डॉक्टर तालुक्याच्या गांवीं. जाण्यायेण्यांत एक दिवसाची मजुरी बुडणार, एस्टीचें भाडें, डॉक्टरची फी, आणि रक्त तपासावें लागलें तर त्याचे पैसे निराळे. बाजारपेठेंतील औषधांच्या दुकानांत चार सुट्या गोळ्या थोडक्या पैशांत मिळतात, आणि दुकानदार ओळखीचा आहे. तांबडी रेघ तिला सांगते कीं, डॉक्टरकडे जा. तो डॉक्टर तरी काय देईल हेंहि निश्चित नाहीं. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या मुंबईंतील एका पाहणींत १०० खासगी डॉक्टरांनीं क्षयरोगाकरितां ८० निरनिराळ्या औषधयोजना सांगितल्या होत्या. आणि ती गेली नाहीं, गोळ्याहि घेतल्या नाहींत, रेघेची आज्ञा अक्षरशः पाळली, आणि मुलाला न्यूमोनिया असला, तर? योग्य प्रतिजैविक वेळेवर न मिळाल्यामुळें मरणारीं मुलें हीसुद्धां या प्रश्नाची एक बाजू आहे, आणि ती रेघेंत दिसत नाहीं. २०१२ सालीं चेन्नई येथें एकत्र जमलेल्या आमच्या वैद्यकीय संघटनांना ही अडचण ठाऊक होती. म्हणूनच परिपूर्ण पण न पाळतां येणाऱ्या नियमापेक्षां अपुरा पण पाळतां येणारा नियम बरा, अशी भूमिका त्यांनीं आपल्या घोषणापत्रांत घेतली. तिला मी तडजोड म्हणणार नाहीं. सल्ला देणाराला लाज असल्याचें तें लक्षण आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, अशा युक्तिवादानें सर्वांनाच सबब मिळते. मिळत नाहीं, आणि हें आपणां मंडळींस उद्देशून थोडें स्पष्टच सांगितलें पाहिजे. या मासिकाच्या बहुतेक वाचकांच्या घरापासून डॉक्टर फार लांब नाहीं, आणि फीहि जड नाहीं. तरी सर्दीपडशाकरितां, ज्याचे विषाणु कोणत्याहि प्रतिजैविकाला भीक घालीत नाहींत, 'डॉक्टर, कांहीं तरी जालीम द्या, परवां कार्य आहे' असें म्हणणारे आपणच. उरलेल्या चार गोळ्या शेजारणीला देऊन परोपकार करणारेहि आपणच. डॉक्टर कधीं कधीं नाइलाजानें लिहून देतो, कारण रोगी रिकाम्या हातानें परत गेला तर तो पलीकडच्या दवाखान्यांत जाईल ही भीति त्यालाहि असते. आपल्या बाबतींत संयम ठेवण्याला किंमत पडते ती दोन दिवसांच्या बेचैनीची. तेव्हां तांबड्या रेघेचें वाक्य एकच असलें तरी तें दोघांना सारखें लागू होत नाहीं. तेंच वाक्य आपल्याला सांगितलें तर तें कर्तव्य आहे, आणि वाडीवरच्या त्या आईला सांगितलें तर, सोबत दुसरें कांहीं न दिल्यास, तो निर्दयपणा आहे.

श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आपल्या घरांतून अजून सांगितली जाते. महादेवाचा गाभारा दुधानें भरावा असें राजाच्या मनांत आलें, आणि घरोघरचें सगळें दूध देवळांत आणण्याविषयीं दवंडी पिटली गेली. लोक भ्याले, मुलांना ठेवलें नाहीं, वासरांना ठेवलें नाहीं, होतें तेवढें ओतलें. गाभारा भरेना. दुपारीं एक म्हातारी आली. घरच्या मुलांना दूध पाजून, वासरांना पाजून, मग उरलेलें खुलभर दूध तिनें भक्तिभावानें वाहिलें आणि गाभारा भरला. कहाणीचा धार्मिक अर्थ तसाच असूं द्या. मला तिच्यांत राज्यकर्त्यांसाठीं लिहिलेला एक अहवालहि दिसतो, आणि पुष्कळ समित्यांच्या अहवालांहून तो आंखूड आहे. सार्वजनिक गाभाऱ्यासाठीं दूध मागणें रास्त होतें. चूक होती ती वासरांचा हिशेब न करतां मागण्यांत.

हाच हिशेब औषधांच्या बाबतींत मांडावयाचा तर तो कांहीं गूढ नाहीं. ज्या पाण्यांतून रोग येतो तें पाणी स्वच्छ करून देणें, ज्या रोगाला लस आहे ती लस टोंचणें, ताप कशाचा हें तासाभरांत सांगणारी तपासणी गांवच्या आरोग्यकेंद्रांत ठेवणें, हीं तीं देणीं होत. लोकांनीं औषध कमी घ्यावें असें म्हणण्याचा अधिकार सरकारला या देण्यांच्या प्रमाणांत मिळतो. २०२४ च्या जानेवारींत केंद्रीय आरोग्यसेवेच्या महासंचालनालयानें वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉक्टरांना, प्रतिजैविक लिहितांना तें कां देत आहों याचें कारणहि चिठ्ठीवर लिहावें, अशी विनंती केली. विनंती योग्य आहे. पण कारण लिहावयास कारण कळावें लागतें, आणि तें कळण्याचें साधन मोठ्या इस्पितळाबाहेर किती ठिकाणीं आहे हें त्या पत्राबरोबरच पाहिलें पाहिजे.

विषमज्वराचेंच पाहा. क्लोरॅम्फेनिकॉल हें त्याच्यावरील रामबाण औषध होतें. १९७२ सालीं मेक्सिकोंत आणि केरळांत त्या औषधाला न जुमानणारे जंतु उद्भवले. त्यानंतर आलेलीं औषधेंहि एकामागून एक दुबळीं झालीं. २०१६ च्या अखेरीस सिंध प्रांतांतील हैदराबाद येथें जी सांथ सुरू झाली तिच्यांत पोटांत घेण्याच्या औषधांपैकीं अॅझिथ्रोमायसिन हेंच काय तें भरंवशाचें उरलें होतें. पाकिस्ताननें त्यावर लोकांना केवळ सूचना देत न बसतां २०१९ सालीं विषमज्वराची नवी लस मुलांच्या नित्याच्या लसीकरणांत घेतली. असें करणारा तो जगांतील पहिला देश होय. त्याच्याहि अगोदर, २०१८ सालीं, नवी मुंबईच्या महानगरपालिकेनें आपल्या हद्दींतील नऊ महिन्यांपासून चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना ही लस देण्याची मोहीम हातीं घेतली होती. सार्वजनिक खर्चानें ही लस देण्याचा जगांतील तो पहिलाच प्रसंग. त्या वर्षीं लाखाहून अधिक मुलांना ती टोंचण्यांत आली. ती लस भारतांतच, आपल्याकडील हैदराबादेंत तयार झालेली होती. त्या मुलांपैकीं कित्येकांना पुढें विषमज्वर झालाच नसेल. त्यांच्या आयांना रात्रीं औषधांच्या दुकानापुढें उभें राहावें लागलें नसेल, आणि पट्टीवरील रेघ पाहण्याचें त्यांना कारणहि पडलें नसेल.